अकरा सेकंदांची वापसी

मे महिन्यात जळगावात दोनच जागा थंड असतात. एक सोन्याच्या पेढ्या आणि दुसरी मोबाईल कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं. पेढीत शिरलं की काहीतरी बघावं लागतं, बघितलं की बायकोला कळतं. सर्व्हिस सेंटरमध्ये नुसतं टोकन घेतलं तरी भागतं. त्यामुळे रिंग रोडवरच्या सेंटरमध्ये भर दुपारी जी माणसं बसलेली असत, त्यातल्या निम्म्यांचे फोन ठणठणीत असत.

हेमराज त्या दुपारी असाच आत आला होता. रावेरच्या गाडीला तास होता, बाहेर पंचेचाळीस होतं. त्याने चौसष्ट नंबरचं टोकन घेतलं आणि एसीखालची खुर्ची धरली.

काउंटरवर मयुरी होती. तिने त्रेसष्ट नंबर दोनदा पुकारला. त्रेसष्ट नंबर थंड होऊन केव्हाच निघून गेला होता. मग तिने चौसष्ट म्हटलं, आणि हेमराजला आपण भलत्या ठिकाणी पकडले गेलोय असं वाटून तो उठून उभा राहिला.

"काय तक्रार आहे?"

"तक्रार... म्हणजे आहे तशी. पण मी त्यासाठी आलो नव्हतो."

"मग कशासाठी आलात?"

त्याने मान वर करून एसीकडे पाहिलं. मयुरीनेही पाहिलं. मग तिने ओठ घट्ट मिटले, कारण काउंटरवर हसायची परवानगी फक्त नवा फोन विकताना होती.

"आलाच आहात तर सांगून टाका," ती म्हणाली. "तेवढंच थंड व्हाल."

हेमराज रावेरजवळच्या एका केळीच्या पॅकिंग शेडचं काम बघायचा. माल भरून ट्रक सुटायच्या आधी त्याचा फोटो काढून व्यापाऱ्याला पाठवायचा, हे त्याचं रोजचं काम. मार्चमध्ये फोनमध्ये एक अपडेट आलं आणि तेव्हापासून कॅमेरा उघडायला अकरा सेकंद लागायला लागले. आधी दोन लागायचे. त्याने हे अंदाजाने सांगितलं नाही. घड्याळ लावून रोज मोजलं होतं आणि तारखेनिशी वहीत लिहिलं होतं. मग त्याने फोटो दाखवले. एकाही फोटोत ट्रक नव्हता. ट्रक गेल्यावर उडालेली धूळ होती, निरनिराळ्या तारखांची.

"ही धूळ छान आलीय," मयुरी म्हणाली.

"ती एप्रिलची आहे. एप्रिलमध्ये धूळ चांगली निघते."

आता तिला पाठ केलेलं वाक्य म्हणायचं होतं. कंपनीने प्रशिक्षणात बजावलं होतं की ग्राहकाच्या फोनला जुना म्हणू नये, त्याने त्याच्या भावना दुखावतात.

"तुमचा फोन अनुभवी झाला आहे," ती म्हणाली.

हेमराजने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आमच्याकडे अनुभवी माणसं कामं लवकर करतात."

या वेळी तिने ओठ मिटायला उशीर केला.

मयुरी धुळ्याची. वडील बन्सीलाल यांच्याशी तिचा एक साधा करार होता, तोंडी आणि पक्का. नोकरी आहे तोवर ती जळगावात राहील, खोली घेऊन, मैत्रिणीबरोबर. नोकरी सुटली की परत धुळे, आणि धुळ्यात आली की स्थळं. त्यामुळे रोज सकाळी सेंटरचं शटर वर जाताना बघून तिला जो आनंद व्हायचा, तो शटरकडे बघून सहसा कोणाला होत नाही.

जॉबशीटवर एक रकाना होता, तक्रार ग्राहकाच्या स्वतःच्या शब्दांत. तिने विचारलं, काय लिहू?

"लिहा... नवतीचा माल होता, अपडेट आलं आणि वापसी झाला."

रावेरकडे केळीचे भाव सांगताना नवती म्हणजे नव्या लावणीचा पहिला, चांगला माल, आणि वापसी म्हणजे निवडीतून उरलेला, कमी भावात जाणारा. शेडवरच्या लहान मुलालाही हे ठाऊक असतं. पण मयुरी धुळ्याची. धुळ्यात केळी हातगाडीवर दिसतात आणि हातगाडीवर ती फक्त केळी असतात. वापसी म्हणजे वस्तू परत करायचीय, असं तिला सरळ वाटलं. कॉम्प्युटरच्या यादीत 'रिटर्न' असा एक पर्याय होताच. तिने तो दाबला आणि तक्रार गेली ती दुरुस्तीच्या खात्याऐवजी परतीच्या खात्यात, कुठल्या तरी लांबच्या शहरात.

फोन परत देताना ती खाली बघत, पावतीशी बोलल्यासारखी म्हणाली, "मी हे बोलले नाही. पण बॅटरी बदलून बघा."

चार दिवसांनी तो परत आला. या वेळी गाडीला तास नव्हता. गाडी त्याने मुद्दाम सोडली होती. मयुरीने जेवणाच्या सुट्टीत नवी बॅटरी बसवली, त्याने घड्याळ लावलं आणि दोघांनी काउंटरच्या दोन बाजूंनी माना पुढे काढल्या. कॅमेरा दोन सेकंदांत उघडला. समोर नेमकी तीच होती, म्हणून पहिला फोटो तिचा आला.

"पुसा तो."

"पुरावा आहे. पुसता येत नाही."

मग तिने त्याला समजावून सांगितलं. जुनी बॅटरी एकदम जोर लावला की मान टाकते आणि फोन मध्येच बंद पडतो. तसं होऊ नये म्हणून अपडेटमधून फोनचा वेग कमी केला जातो. हेतू अगदीच वाईट नसतो. आणि प्रत्येक अपडेट असंच करतं असंही नाही. बऱ्याचदा नव्या प्रोग्रामचं ओझं जुन्या फोनला झेपत नाही, एवढंच. पण या फोनचं तसं नव्हतं. याला ठरवून हळू केलेलं होतं.

"मग सांगत का नाहीत?"

"सांगितलं तर लोक बॅटरी बदलतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

मयुरीने काचेच्या कपाटाकडे नजर टाकली. तिथे नवे फोन ओळीने उभे होते, एकही अनुभवी नव्हता.

त्यानंतर पावसाळाभर हेमराज येत राहिला. त्याचा फोन तर आता धावत होता, म्हणून तो गावातल्या लोकांचे आणायचा. चुलत्याचा, चुलत्याच्या जावयाचा, पोस्टमनचा. बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि तो शर्टाच्या आत, छातीशी धरून दुसऱ्यांचे फोन कोरडे आणायचा. स्वतः मात्र चिंब. ती रुमाल पुढे करायची, फोन पुसण्यासाठी. तो आधी फोन पुसायचा, मग ती दुसरीकडे बघतेय असं बघून कपाळ.

"गावातले फोन संपले की काय करणार?" तिने एकदा विचारलं.

"शेजारच्या गावाला माझी मावशी आहे."

"मावशीकडे फोन आहे?"

"नाही... पण घेऊन देता येईल."

जुलैत परतीच्या खात्याचं उत्तर आलं. दुरुस्तीच्या खात्यातल्या माणसांना काय बोलायचं नाही हे शिकवलेलं असतं. परतीच्या खात्यातल्या माणसाला एकच गोष्ट शिकवलेली असते, की वस्तू परत घ्यायची नाही. त्या भल्या माणसाने मन लावून आपलं काम केलं होतं. त्याने लिहिलं होतं की आपला फोन परत घेता येत नाही, कारण त्यात कोणताही दोष नाही. अपडेटनंतर वेग कमी झाला आहे तो बॅटरीच्या वयानुसार कंपनीने हेतुपुरस्सर कमी केला आहे. खाली सही, शिक्का, आणि आपला दिवस आनंदात जावो.

ज्या प्रश्नाला जगात कोणी सरळ उत्तर देत नव्हतं, त्याचं लेखी उत्तर रावेर तालुक्यात पोचलं होतं.

हेमराजने ते पत्र जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लावली. त्याचं मागणं अगदी लहान होतं. फोन हळू करणार असाल तर आधी सांगा, आणि सेंटरमध्ये सगळ्यांना दिसेल असं लिहून लावा.

महिनाभरात कंपनीला नोटीस गेली आणि कंपनीने सेंटरचे मालक रतिलालभाऊ यांना फोन केला. रतिलालभाऊ सज्जन गृहस्थ होते. चुकीची गोष्ट सांगताना ते चहा मागवत. त्यांनी मयुरीला दोन चहा मागवून सांगितलं की एक प्रतिज्ञापत्र करायचंय, त्यात वापसी ही नोंद तुझ्या चुकीने झाली असं लिहायचं. हे तर खरंच आहे ना, बेटा? मयुरीने मान्य केलं. मग पुढे एकच छोटं वाक्य, की तो फोन पाण्यात पडलेला होता आणि म्हणून हळू झाला होता.

"पण तो कोरडा होता, भाऊ."

"नोकरी करायची आहे ना?" रतिलालभाऊंनी बिस्किटांची बशी पुढे केली. "विचार कर. घाई नाही."

संध्याकाळी हेमराज आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. नोकरीचं, धुळ्याचं, स्थळांचंही. स्थळांचं सांगताना ती उगाच एक स्क्रू डबीतून काढत आणि डबीत टाकत राहिली. तो नेहमीसारखा काही बोलेल असं तिला वाटलं होतं. तो फक्त "बरं" म्हणाला आणि शेवटची गाडी असल्यासारखा निघून गेला.

त्यानंतर तो आला नाही. एक आठवडा, दोन आठवडे. पावसाळा संपत आला होता आणि काउंटरवर रुमाल कोरडाच पडून होता.

तिसऱ्या आठवड्यात रतिलालभाऊ स्वतः पेढे घेऊन आले. प्रतिज्ञापत्राची आता गरज नाही म्हणाले. त्या केळीवाल्याने तक्रार मागे घ्यायचा अर्ज टाकलाय, मंगळवारी मंजूर होईल, तुझी नोकरी पक्की. मुलगा समजूतदार निघाला.

मयुरीने पेढा घेतला, कागदात गुंडाळला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रावेरची गाडी धरली.

शेडमध्ये ट्रक भरणं चालू होतं. पंधरा-वीस माणसं, केळीच्या घडांचे ढीग, ओल्या पानांचा वास. हेमराज काट्याजवळ उभा होता. तिला बघून त्याच्या हातातून वही पडली, आणि ती उचलायला तो वाकला तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

"तक्रार मागे घेतली?" तिने विचारलं.

"तुमच्यासाठीच... म्हणजे तुमची नोकरी..."

"मला विचारलंत?"

"तुमच्या भल्याचंच होतं ते."

"कंपनीपण तेच म्हणते. फोनच्या भल्यासाठी हळू केला म्हणते. सांगितलं नाही, विचारलं नाही, आपलं आपण ठरवून टाकलं." तिचा आवाज चढला. "आता मला सांगा, तुमच्यात आणि त्या कंपनीत फरक किती?"

केळीच्या धंद्यात भावासोबत आणखी एक आकडा बोलला जातो, त्याला फरक म्हणतात. काट्यावर बसलेल्या जीवरामआबांचं सगळं आयुष्य तो आकडा सांगण्यात गेलं होतं. त्यांनी वर न बघता सांगितलं, "फरक पंधरा."

शेडमधलं काम थांबलं. एकाने तोंड फिरवलं, दोघं घडाआड गेले. हेमराजने हसू आवरायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मयुरीनेही केला. तिचा थोडा वेळ टिकला.

"पंधरा फार होतो, आबा," शेवटी हेमराज म्हणाला. "मी शून्यावर आणतो." मग तो तिच्याजवळ आला, पण हात लावण्याइतका नाही, त्याच्या अंगाला केळीच्या चिकाचा वास होता. "चुकलो. तुम्हीच सांगा, काय करू?"

"तक्रार मागे घ्यायचा अर्ज मागे घ्या."

"तुमची नोकरी जाईल."

"जाईल तर माझी जाईल. मी हळू चालेन, पळेन, पडेन... ते मी ठरवेन. तुम्हाला काळजी वाटते ना?"

"वाटते." त्याने हे इतक्या हळू म्हटलं की घडाआडच्या दोघांना माना बाहेर काढाव्या लागल्या.

"मग वाटू द्या. मला सांगत जा. परस्पर काही करू नका."

जाताना तिने कागदातला पेढा जीवरामआबांना दिला. ते कशाबद्दल म्हणाले. ती म्हणाली, भाव सांगितल्याबद्दल.

मंगळवारी तक्रार मागे घ्यायचा अर्ज मागे घेतला गेला. कारकुनाने असा कागद आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. त्याने तो कोणत्या फायलीत लावायचा हे विचारायला वरच्या मजल्यावर दोन फेऱ्या मारल्या.

डिसेंबरात सुनावणी झाली. मयुरी स्वतःच्या रजेवर, स्वतःच्या पैशाने रिक्षा करून गेली. कंपनीच्या वकिलाने तिला गोड आवाजात विचारलं की नोंद करताना चूक तुमच्याकडूनच झाली ना?

"हो," ती म्हणाली. "वापसी म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्यामुळे प्रश्न चुकीच्या खिडकीत गेला. पण त्या खिडकीतल्या माणसाने उत्तर खरं दिलं. चूक माझी आहे, उत्तर कंपनीचं आहे. आणि फोन कोरडा होता."

वकिलाला आणखी दोन प्रश्न विचारायचे होते. त्याने ते विचारले नाहीत.

त्याच आठवड्यात तिला पत्र आलं. कंपनी तिच्यावर रागावलेली नव्हती, मुळीच नाही. फक्त सेंटरची पुनर्रचना होत होती आणि पुनर्रचनेत एकच खुर्ची कमी होत होती. रतिलालभाऊंनी निरोपाचा चहा मागवला. मयुरीने तो पूर्ण प्यायला, कप धुऊन ठेवला आणि दोन बॅगा घेऊन धुळ्याची गाडी पकडली. करार म्हणजे करार.

जानेवारीतल्या एका दुपारी हेमराज धुळ्यात, देवपूरमधल्या मयुरीच्या घराच्या फाटकाशी उभा राहिला. ओट्यावर बन्सीलाल सायकलची चेन साफ करत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय भो, काय काम शे?"

हेमराजने नाव सांगितलं, गाव सांगितलं. रावेर म्हटल्यावर बन्सीलालांनी त्याला बसायला सांगितलं, पण खुर्ची पुढे केली नाही. मयुरी दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात उघडलेला फोन आणि छोटा पेचकस होता. गेल्या महिन्यात गल्लीतले सगळे फोन धावायला लागले होते.

हेमराजने सांगितलं की निकाल लागला. यापुढे जिल्ह्यातल्या कंपनीच्या सेंटरांवर मराठीत पाटी लावावी लागेल, की अपडेटने फोन हळू होऊ शकतो आणि बॅटरी बदलली तर वेग परत येऊ शकतो. रिंग रोडवर काल लागली. रतिलालभाऊ स्वतः शिडी धरून उभे होते.

"हे सांगायला इतक्या लांब आलात?" बन्सीलाल म्हणाले. "फोनवर सांगता आलं असतं. आता तर तो पळतो म्हणे."

"नाही... दुसरंही होतं." हेमराजने घसा साफ केला. "मला मयुरीशी लग्न करायचंय. तर मी... विचारायला आलो."

बन्सीलालांनी चेन खाली ठेवली, हात पुसले. "मग विचार."

"तुम्हाला नाही, काका. तिला विचारायला आलो. तुम्हाला सांगायला आलो."

मयुरीने पेचकस दुसऱ्या हातात घेतला. बन्सीलाल बराच वेळ या मुलाकडे बघत राहिले, एखाद्या इंजिनातून कसला आवाज येतोय ते ऐकावं तसे.

"मी एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं होतो," मग ते म्हणाले. "गाड्यांना वेगाचं कुलूप लावायचो. गाडी त्यापुढे पळूच शकत नाही. पण ड्रायव्हरला दाखवून लावायचो, आणि गाडीच्या मागे रंगाने लिहायचो, बठ्ठ्यांना, मागून येणाऱ्या सगळ्यांना, दिसेल असं. न सांगता लावलं असतं तर ड्रायव्हरने मला घाटात उभं केलं असतं. तुमची ती कंपनी चुकलीच." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "पण मी हिला सांगून ठेवलं होतं. नोकरी सुटली की धुळे. लपवून काही केलं नाही मी."

"सांगितलं होतंत, अप्पा," मयुरी म्हणाली. "विचारलं नव्हतं."

बन्सीलालांनी चेन पुन्हा उचलून तिचा एक दुवा बोटांत फिरवून पाहिला. तो चांगला होता.

"जळगावच्या गोलाणी मार्केटात एक गाळा बघितलाय मी," ती पुढे म्हणाली, आणि आता ती वडिलांशी बोलत होती की हेमराजशी हे तिचं तिलाच नक्की सांगता आलं नसतं. "लहान आहे, पण माझा असेल. जुने फोन दुरुस्त करायचे, आणि काय झालंय ते गिऱ्हाईकाला खरं सांगायचं. लग्न झालं तरी गाळा राहील. रावेरला रोज गाडी आहे, जळगावला पण रोज गाडी आहे. हे आधीच सांगतेय, नंतर कोणी म्हणू नका की माहीत नव्हतं."

"मंजूर," हेमराज म्हणाला.

"तू अजून विचारलंच नाहीस."

मयुरीच्या तोंडून तो तू ऐकून हेमराज क्षणभर पुढचं सगळं विसरला. मग त्याने विचारलं. काय शब्दांत विचारलं ते नीट ऐकू आलं नाही, कारण नेमका तेव्हाच गल्लीतून गॅसच्या टाक्यांची गाडी गेली. पण मयुरीचं उत्तर गाडी गेल्यावर आलं आणि ते सगळ्यांना ऐकू आलं.

"हो," ती म्हणाली. "आणि हे मी ठरवलंय."

आतून चहा आला. बन्सीलालांनी उठून कोपऱ्यातली खुर्ची आणली आणि हेमराजच्या मागे ठेवली. चहा पिऊन होईतो त्यांनी केळीविषयी चार प्रश्न विचारले. चारही उत्तरं त्यांना पटली नाहीत, पण त्यांनी ती ऐकून घेतली. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"जळगावची गाडी पावणेपाचला आहे. गाळा बघायचा असेल तर आजच बघा. मालक उद्या दुसऱ्याला देईल."

मयुरीने पर्स घेतली, चपला घातल्या. फाटकापर्यंत बन्सीलाल त्यांच्याबरोबर आले. घरातून निघालेल्या प्रत्येकाला, पोस्टमनलासुद्धा, ते फाटकाशी उभं राहून सावकाश जा म्हणत आले होते.

त्या दिवशी त्यांनी कडी काढली, बाजूला झाले आणि म्हणाले, "जा."